न वाचलेल्या मेलवर विसंबलेला प्रोग्राम: उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचं प्रकरण

बेळगावच्या उद्यमबागेतली ही फाउंड्री ग्रे आयर्नचं ओतकाम करते आणि थोडं मशिनिंगही. गिऱ्हाईक बहुतेक सीमेपलीकडचं: कागल, शिरोली, गोकुळ शिरगाव, दोन पार्ट्या चाकणच्या. माल निपाणीवरून हायवेने जातो. पण या आठवड्यात काय ओतायचं, किती नग आणि कोणत्या दिवशी पोचवायचे, हे सगळं मेलवर येतं. दर गुरुवारी संध्याकाळी शेड्यूल, शनिवारी त्याची दुरुस्ती, मधेच ड्रॉइंगची नवी आवृत्ती, रिजेक्शनचा कागद, डेबिट नोट. पत्ता सगळ्यांना एकच दिलेला, कंपनीच्या डोमेनचा, गुगल वर्कस्पेसवर. डिस्पॅच, क्वालिटी, अकाउंट्स आणि मालक असे चौघे तोच मेलबॉक्स उघडतात, कुणी कॉम्प्युटरवर, कुणी मोबाइलवर. आत सुमारे ४१ हजार मेल, एकूण १४ जीबी.

यातली शेड्यूलं आपोआप एका फोल्डरमध्ये उतरावीत म्हणून पायथनमधला साठेक ओळींचा प्रोग्राम बसवला होता. विंडोजचा टास्क शेड्यूलर तो दर दहा मिनिटांनी चालवायचा. काम असं: मेलबॉक्स उघड, न वाचलेले मेल शोध, पूर्ण मेल ओढ, पीडीएफ फोल्डरमध्ये ठेव. जाता जाता जाहिरातींचे मेल पुसून टाक. आठ महिने तो चालला, निदान चालल्यासारखा दिसला.

(आज्ञा आणि फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच मूळ रोमन अक्षरं.)

शनिवार संध्याकाळ ते मंगळवार सकाळ

कागलच्या ग्राहकाने शनिवारी सव्वासातला दुरुस्त शेड्यूल पाठवलं. एका ब्रॅकेटचे नग ८०० वरून १,४०० झाले होते. सात वीसला प्रोग्रामने तो मेल पूर्ण ओढला. अटॅचमेंटच्या नावात आठवड्याचा आकडा होता, ‘३६/२’ असा, तिरक्या रेघेसकट. विंडोजने ती रेघ फोल्डरची खूण मानली, तसा फोल्डर नव्हता, फाइल उघडली नाही आणि प्रोग्राम तिथेच पडला. दहा मिनिटांनी तो पुन्हा उठला, न वाचलेले मेल शोधले. हा मेल त्यात नव्हता, कारण ओढला गेला तेव्हाच त्यावर ‘वाचला’ अशी खूण बसली होती.

सोमवारी सकाळी डिस्पॅचच्या मामांनी मेलबॉक्स उघडला. त्यांची सवय इतर तिघांसारखीच: ठळक अक्षरातलं तेवढं बघायचं. मंगळवारी कागलहून फोन आला, “गाडी कुठवर आली?” तेव्हा मामा म्हणाले, “मेल आलंच नाही की हो.” मेल आला होता. तो समोरच्या पडद्यावर होता, अकराव्या ओळीत, साध्या अक्षरात. “बोल्ड नव्हतं की, कशाला उघडू?” ८०० नग तयार होते. उरलेल्या ६०० साठी कोअर, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे, भाजलेले नव्हते.

मामांचं चुकलं असं म्हणता येत नाही. तिरक्या रेघेचं म्हणाल तर ती निमित्त. नाव साफ करायची एक ओळ घातली असती तर हा शनिवार निभावला असता, पुढचा कुठलातरी नसता. मूळ दोष असा की एकाच खुणेवर दोघांनी आपापला हिशेब टांगला होता. माणसांच्या लेखी ‘न वाचलेला’ म्हणजे ‘अजून बघायचा आहे’, प्रोग्रामच्या लेखी ‘अजून उतरवायचा आहे’. मालकांनी मोबाइलवर मेल आधी उघडला तर तो प्रोग्रामला दिसायचा नाही. प्रोग्रामने आधी ओढला तर माणसांना दिसायचा नाही. आठ महिन्यांत असं किती वेळा झालं ते सांगणारी नोंदच कुठे नव्हती, कारण नोंद म्हणून तीच खूण वापरली जात होती.

खूण कुठे बसते

मेलबॉक्स सर्व्हरवरच ठेवून त्यात काम करायचा प्रोटोकॉल म्हणजे आयमॅप. पॉप३ हा त्याचा जुना सोबती, मेल खाली उतरवून घेण्यासाठी. चौघांच्या सामायिक मेलबॉक्सला तो कामाचा नाही. आयमॅपची जी आवृत्ती बहुतेक सर्व्हर आजही बोलतात ती २००३ च्या आरएफसी ३५०१ मधली (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज). तिची सुधारित आवृत्ती २०२१ मध्ये आरएफसी ९०५१ म्हणून आली. दोन्हींत लिहिलेलं आहे की ‘फेच’ या मेल मागवायच्या आज्ञेत ‘बॉडी’ मागितली तर सर्व्हर ‘सीन’ (वाचला) ही खूण लावतो आणि ‘बॉडी डॉट पीक’ मागितली तर लावत नाही. जुन्या प्रोग्राममध्ये ‘आरएफसी८२२’ असं मागितलं होतं, जे ‘बॉडी’सारखंच वागतं. इंटरनेटवरच्या बऱ्याच उदाहरणांत हेच असतं, कारण उदाहरण लिहिणाऱ्याचा मेलबॉक्स त्याच्या एकट्याचा असतो.

आणखी सुरक्षित वाट आहे. फोल्डर ‘सिलेक्ट’ने न उघडता ‘एक्झामिन’ने उघडला की तो फक्त वाचण्यापुरता उघडतो, मग चुकून ‘बॉडी’ मागितली तरी खूण बसत नाही, पुसायची आज्ञा दिली तरी सर्व्हर नाकारतो. नवा प्रोग्राम पहिले दोन आठवडे असाच चालवला.

जाहिरातींऐवजी काय पुसलं गेलं

पहिल्या दोषाची उकल करताना दुसरा सापडला, आणि तो जास्त वाईट होता. जाहिराती पुसणारा तुकडा मेलचा अनुक्रमांक वापरत होता आणि प्रत्येक मेलमागे ‘एक्सपंज’ करत होता, म्हणजे पुसायची खूण केलेला मेल फोल्डरमधून काढून टाकत होता. आयमॅपमधला अनुक्रमांक म्हणजे रांगेतली जागा. पुढचा माणूस रांगेतून गेला की मागचे सगळे एकेक पाऊल सरकतात.

बारा मेलचा फोल्डर घ्या. शोधात जाहिराती निघाल्या ४, ७ आणि ९ या क्रमांकांवर. प्रोग्राम ४ पुसतो. आता जुना ७ हा ६ झाला आणि जुना ८ हा ७. प्रोग्रामच्या हातातल्या यादीत अजून ‘७’ लिहिलंय, म्हणून तो ७ पुसतो, म्हणजे प्रत्यक्षात जुना ८. पुन्हा सगळे सरकले. यादीतला ‘९’ आता जुन्या ११ वर पडतो. हिशेब: जाहिरात गेली एक, कामाचे मेल गेले दोन, दोन जाहिराती जागच्या जागी. आठ महिने, दर दहा मिनिटांनी. ज्या फेरीत जाहिरात एकच असे तेव्हा काहीच बिघडत नसे, म्हणून संशयही आला नाही.

उपाय म्हणजे यूआयडी. हा मेलचा कायमचा क्रमांक. चढत जातो, पुन्हा वापरला जात नाही, मधला मेल गेला तरी बाकीच्यांचा बदलत नाही. प्रत्येक आज्ञेचं यूआयडीवालं रूप आहे: ‘यूआयडी सर्च’, ‘यूआयडी फेच’, ‘यूआयडी स्टोअर’. पुसण्याच्या बाबतीत आणखी एक अडचण अशी की साधं ‘एक्सपंज’ फोल्डरमधले ‘डिलीटेड’ खूण असलेले सगळे मेल काढतं, त्यात अकाउंट्सच्या बाईंनी आउटलुकमध्ये आडवी रेघ मारून ठेवलेलेही. फक्त आपले काढायचे तर ‘यूआयडी एक्सपंज’ लागतं. ते यूआयडीप्लस या जोडाचा भाग आहे, म्हणून सर्व्हर ते देतो की नाही हे ‘केपेबिलिटी’ विचारून आधी बघावं. गुगलचा सर्व्हर देतो. ‘मूव्ह’ ही आज्ञाही देतो.

गेलेले मेल परत मिळाले, पण त्यात शहाणपणापेक्षा नशिबाचा वाटा मोठा. जीमेलमध्ये फोल्डर म्हणजे खरं तर लेबल. एकच मेल इनबॉक्समध्येही दिसतो आणि ‘ऑल मेल’मध्येही. आयमॅपमधून इनबॉक्समधला मेल एक्सपंज केला की मूळ सेटिंगनुसार त्याचं इनबॉक्सचं लेबल निघतं, मेल ‘ऑल मेल’मध्ये राहतो. हे सेटिंग कुणी बदललेलं नव्हतं. इनबॉक्समध्ये नसलेले, आपण न पाठवलेले, अटॅचमेंट असलेले, असा शोध लावून पाच ग्राहकांचे मेल हाताने परत इनबॉक्समध्ये आणले. साध्या होस्टिंगवरचा मेलबॉक्स असता तर बॅकअपशिवाय हे जमलं नसतं.

नवी बांधणी

जाहिराती पुसण्याचं काम प्रोग्रामकडून काढूनच घेतलं. ते जीमेलच्या फिल्टरचं काम आहे. त्यासाठी प्रोग्रामच्या हातात कात्री द्यायची गरज नव्हती.

लायब्ररी बदलली. पायथनसोबत येणारी आयमॅपलिब चालते, पण ती सर्व्हरचं उत्तर जवळजवळ कच्चंच हातात देते: बाइट्सच्या याद्या, कंसात कंस. तिच्यात आणखी तीन खाचखळगे आहेत. एक, ‘आयमॅप४ एसएसएल’ला स्वतः ‘एसएसएल कॉन्टेक्स्ट’ दिला नाही तर सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासलं जात नाही. कुलूप दिसतं, पण समोर कोण आहे याची खात्री नसते. ‘क्रिएट डीफॉल्ट कॉन्टेक्स्ट’ करून तो द्यायला हवा. दोन, टाइमआउट सांगितला नाही तर तुटलेल्या कनेक्शनवर प्रोग्राम अनंत काळ वाट बघत बसतो, पायथन ३.९ पासून तो देता येतो. तीन, एका ओळीत १० लाख बाइट्सपेक्षा मोठं उत्तर आलं तर ती चूक फेकते. ४१ हजार मेलच्या यादीला अजून जागा आहे, पण काही लाख मेल असलेल्या मेलबॉक्सवर ‘सर्च ऑल’ केलं की ही चूक भेटतेच.

आयमॅपक्लायंट ही लायब्ररी निवडली. ती मुळात यूआयडीवरच चालते, प्रमाणपत्र तपासते, उत्तरं नीट डिक्शनरीत देते आणि फोल्डरांची देवनागरी नावं सांभाळते. टाइमआउट मात्र तिलाही सांगावाच लागतो. आयमॅप-टूल्स ही दुसरी लायब्ररी लिहायला सोपी आहे, अटॅचमेंट तर एका ओळीत मिळते. पण तिच्या ‘फेच’मध्ये ‘मार्क सीन’ हे मुळात चालू असतं. ते बंद करायला विसरलात तर पुन्हा तोच शनिवार.

लॉगिन. साधा पासवर्ड देऊन आयमॅप उघडण्याचे दिवस गेले. गुगलने खासगी खात्यांसाठी ते ३० मे २०२२ ला बंद केलं, मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज ऑनलाइनवर १ ऑक्टोबर २०२२ पासून बंद करायला घेतलं. मार्ग दोन: दुहेरी पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड घेणं, किंवा ओऑथ, म्हणजे पासवर्डऐवजी टोकन: मेल उघडायला थोड्या वेळाचं अ‍ॅक्सेस टोकन आणि ते नवं मिळवून देणारं रिफ्रेश टोकन. इथे ओऑथ घेतलं. त्यात एक जागा अशी आहे की जिथे बहुतेक जण आठवडाभराने अडकतात. गुगलच्या कन्सोलवर अ‍ॅप बाहेरच्यांसाठी म्हणून नोंदवून ‘टेस्टिंग’मध्येच ठेवलं तर रिफ्रेश टोकन सात दिवसांत मरतं. वर्कस्पेस असेल तर अ‍ॅप ‘इंटर्नल’ करावं, ही अट जाते आणि गुगलची पडताळणीही लागत नाही. अ‍ॅक्सेस टोकन तासाभराचंच असतं. दर फेरीला नवं घ्यायचं, साठवत बसायचं नाही.

खातेवही

सगळ्या बदलांत महत्त्वाचा हा. कुठला मेल उतरवला याची नोंद मेलबॉक्समधून काढून प्रोग्रामच्या स्वतःच्या खातेवहीत आणली. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची एक फाइल, त्यात एक टेबल. रकाने: फोल्डर, यूआयडीव्हॅलिडिटी, यूआयडी, जीमेलचा संदेश क्रमांक, मेसेज-आयडी, पाठवणारा, अटॅचमेंटचं मूळ नाव, ठेवलेलं नाव, एसएचए-२५६ ठसा (फाइलच्या मजकुरावरून काढलेली तिची ओळखखूण), अवस्था, वेळ.

यूआयडीव्हॅलिडिटी, म्हणजे फोल्डरच्या यूआयडी-मालिकेला सर्व्हरने दिलेला आकडा, हा रकाना बरेच जण गाळतात. यूआयडीचा अर्थ त्या आकड्यापुरताच खरा असतो. फोल्डर पुसून त्याच नावाने परत केला किंवा मेलबॉक्स दुसऱ्या सर्व्हरवर हलवला, तर यूआयडीव्हॅलिडिटी बदलते आणि जुने यूआयडी कवडीमोल होतात. प्रोग्राम प्रत्येक वेळी फोल्डर उघडताना हा आकडा ताडून बघतो. बदललेला दिसला तर गेल्या ९० दिवसांचे मेल जीमेलच्या संदेश क्रमांकावरून पुन्हा जुळवतो. हा संदेश क्रमांक ६४ बिटांचा असतो. तो टेबलमध्ये मजकूर म्हणून ठेवावा. एक्सेलमध्ये आकडा म्हणून उघडला की पंधराच्या पुढचे अंक शून्य होतात आणि मग दोन मेल एकच वाटायला लागतात.

अवस्था चार: ‘दिसला’, ‘उतरवला’, ‘नोंदवला’, ‘अडला’. क्रम ठरलेला आहे आणि तो मोडायचा नाही. आधी ‘दिसला’ अशी ओळ घालायची. मग ‘पीक’ने मेल ओढायचा, अटॅचमेंट तात्पुरत्या नावाने लिहायची, पूर्ण लिहून झाल्यावरच खरं नाव द्यायचं. ठसा काढून ‘उतरवला’ लिहायचं. सगळ्यात शेवटी मेलवर ‘उतरवलं’ नावाचं लेबल चिकटवायचं आणि ‘नोंदवला’ लिहायचं. मधे वीज गेली, आणि पावसाळ्यात ती जातेच, तर पुढच्या फेरीत जिथे थांबलं तिथून चालू होतं. कुठलीही पायरी दोनदा झाली तरी बिघडत नाही, इतकी ती साधी ठेवलेली आहे. ‘सीन’ खुणेला प्रोग्राम हात लावत नाही. ती माणसांची.

लेबलाचा फायदा डिस्पॅचला झाला. हिरवं ‘उतरवलं’ दिसलं की फाइल फोल्डरमध्ये आहे. ग्राहकाचा मेल आहे आणि हिरवं नाही, तर विचारायचं. फोल्डरांची आणि लेबलांची नावं आयमॅपमध्ये सुधारित यूटीएफ-७ मध्ये जातात, म्हणजे ‘उतरवलं’चं रूप अँडच्या चिन्हाने सुरू होऊन आडव्या रेघेने संपणारं अगम्य काहीतरी होतं. आयमॅपक्लायंट हे आतल्या आत करतं. आयमॅपलिबला देवनागरी नाव सरळ दिलं तर ती युनिकोडची चूक फेकते.

नवे मेल शोधायची रीत: गेल्या वेळच्या सर्वांत मोठ्या यूआयडीच्या पुढचे मागायचे, ‘इतके + १ पासून तारकेपर्यंत’. इथे एक गंमत आहे. तारका म्हणजे फोल्डरमधला शेवटचा मेल, आणि मागितलेला आकडा त्याहून मोठा असेल तर सर्व्हर पट्टा उलटा वाचतो. त्यामुळे नवं काहीच नसलं तरी शेवटचा एक मेल हमखास परत येतो. चूक नाही, नियमच तसा आहे. आलेल्या यादीतून जुना आकडा गाळायचा, इतकंच. हे माहीत नसेल तर तेच शेड्यूल रात्रभर दर पाच मिनिटांनी उतरत राहतं.

यासोबत दिवसातून एकदा, पहाटे, गेल्या तीन दिवसांचे मेल तारखेवरून पुन्हा चाळायचे. ‘सिन्स’ (‘या तारखेपासून’ ही शोधाची अट) फक्त तारीख बघतं, वेळ बघत नाही, म्हणून एखादा दिवस आधीचा धरावा. दुबार आलेले खातेवही गाळतेच. तारखेतला महिना इंग्रजी तीन अक्षरी लागतो. जुन्या प्रोग्राममध्ये अहवालावर मराठी महिना यावा म्हणून कुणीतरी ‘सेटलोकेल’ लावलं होतं. तसं केल्यावर तारीख बनवणारं फंक्शन आयमॅपच्या आज्ञेतही ‘एप्रिल’ मराठीत घालू लागतं. आयमॅपक्लायंटला तारखेची वस्तू द्यावी, महिना ती स्वतः लिहिते.

विषयावर विसंबू नये

जुना प्रोग्राम विषयात ‘शेड्यूल’ शब्द शोधायचा. या भागात ते का टिकत नाही हे समजायला पंधरा दिवसांची इनबॉक्स पुरते. एकच गाव बेळगाव, बेळगांव, बेलगाम आणि बेळगावी अशा चार तऱ्हांनी येतं, इंग्रजीत दोन स्पेलिंगांनी, वर कन्नडमधूनही. सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं तरी ग्राहकांच्या मास्टर यादीत जुनंच आहे. शेड्यूल कुठे ‘वेळापत्रक’, कुठे ‘डिलिव्हरी प्लॅन’. काही मेल युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टाइप केलेले: श्रीलिपीतलं मराठी किंवा नुडीतलं कन्नड तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो, आणि प्रोग्रामच्या दृष्टीने तो कचराच असतो. विषय युनिकोडमध्ये असला तरी तारेवरून तो सांकेतिक तुकड्यांत येतो. पायथनच्या ईमेल लायब्ररीला ‘पॉलिसी डॉट डीफॉल्ट’ सांगितलं तर ती उलगडून देते, नाही सांगितलं तर तुकडे जसेच्या तसे हातात येतात. देवनागरी शब्द सर्व्हरवरच शोधायचा असेल तर ‘कॅरसेट यूटीएफ-८’ असं सांगून शोधता येतं.

म्हणून निवड पाठवणाऱ्यावरून केली. पाच ग्राहकांचे चौदा पत्ते, एका साध्या यादीत. ती डिस्पॅचवालेच बदलतात. पाठवणाऱ्याचं नाव खोटं असू शकतं, तेव्हा आपल्या सर्व्हरने लावलेल्या ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ या ओळीत डीमार्क, म्हणजे पाठवणाऱ्याच्या डोमेनची पडताळणी, ‘पास’ आहे ना हे बघितलं जातं. नसेल तर मेल ‘अडला’.

अटॅचमेंटच्या तऱ्हा

चाचणीच्या चौदा दिवसांत मामांच्या रजिस्टरप्रमाणे ६१ मेल उतरायला हवे होते. प्रोग्रामने ५८ उतरवले. उरलेल्या तिघांनी बरंच शिकवलं.

पहिल्यात मेलच्या आत मेल होता. ग्राहकाच्या कोल्हापूर ऑफिसने कागलचा मेल ‘अटॅचमेंट म्हणून फॉरवर्ड’ केलेला. पायथनचं ‘इटर अटॅचमेंट्स’ फंक्शन फक्त वरच्या थरात बघतं, आतल्या मेलमध्ये उतरत नाही. ‘वॉक’ हे फंक्शन उतरतं. दुसऱ्यात ‘विनमेल डॉट डॅट’ नावाची एकच फाइल होती. आउटलुक कधीकधी सगळ्या अटॅचमेंट या एका गाठोड्यात बांधतं, ते सोडवायला वेगळी लायब्ररी लागते. तिसऱ्यात अटॅचमेंटच नव्हती, ग्राहकाच्या पोर्टलची लिंक होती. ती प्रोग्रामने उघडायची नाही असं ठरवलं. असा मेल ‘अडला’मध्ये जातो आणि माणूस बघतो.

उलट बाजूने, सहीतले लोगो शेकड्यांनी उतरत होते. मजकुरात बसवलेली चित्रं आणि २० केबीखालच्या चित्रफाइली गाळल्यावर ते थांबलं. ठेवलेलं नाव मूळ नावावरून बनवतच नाही: तारीख, ग्राहकाचा संकेत, यूआयडी आणि फाइलच्या प्रकाराची शेपटी. मूळ नाव फक्त खातेवहीत. यामुळे तिरकी रेघ, दर आठवड्याला तेच ‘शेड्यूल’ नाव येऊन मागच्यावर लिहिलं जाणं आणि कुणी मुद्दाम दोन टिंबं घालून दुसऱ्या फोल्डरमध्ये शिरायचा केलेला प्रयत्न, तिन्ही एकदम मिटलं. विंडोजवर नावातलं कोलनही घातकी आहे: काही वेळा चूक येत नाही, शून्य बाइट्सची फाइल दिसते आणि मजकूर तिच्या अदृश्य जोडप्रवाहात जाऊन बसतो.

डेबिट नोटांसाठी एक छोटी भर अकाउंट्सने मागून घेतली. पीडीएफमधला पाठवणाऱ्याचा जीएसटी क्रमांक वाचून पहिले दोन अंक बघायचे: २७ म्हणजे महाराष्ट्र, आयजीएसटीच्या फोल्डरात, २९ म्हणजे कर्नाटक, सीजीएसटी-एसजीएसटीच्या. सीमेवरच्या धंद्यात ही विभागणी रोजची आहे. स्कॅन केलेल्या कागदावर हे चालत नाही, ते वेगळे पडतात.

वेग, मर्यादा

आयमॅपमधल्या ‘आयडल’ आज्ञेने मेल येताच सर्व्हर कळवतो. ती घेतली नाही. कनेक्शन सतत उघडं ठेवावं लागतं, २९ मिनिटांच्या आत आज्ञा नव्याने द्यावी लागते, आणि मधला राउटर शांतपणे कनेक्शन तोडतो तेव्हा प्रोग्रामला वाटतं की मेलच आलेले नाहीत. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या शेड्यूलला दर पाच मिनिटांची फेरी भरपूर झाली.

जीमेल एका खात्याला एका वेळी १५ आयमॅप कनेक्शनं देतं. चौघांची मिळून सात-आठ उपकरणं, त्यात आउटलुक एकट्याने दोन-तीन उघडतं. जुना प्रोग्राम पडला की ‘लॉगआउट’ न करताच पडायचा, कनेक्शनं लोंबकळत राहायची आणि मालकांच्या मोबाइलवर मेल यायचे थांबायचे. दोष मोबाइल कंपनीला दिला जायचा. आता कनेक्शन पायथनच्या ‘विथ’ या रचनेच्या आत उघडतं, त्यामुळे काहीही झालं तरी बंद होतं.

दुसरी मर्यादा दिवसाला २,५०० एमबी उतरवण्याची. १४ जीबी पहिल्याच दिवशी ओढायला गेलं असतं तर मेलबॉक्स सगळ्यांसाठीच अडला असता. पहिली भरणी फक्त चौदा पत्त्यांची आणि १ एप्रिलपासूनची केली. आधी हेडर आणि ‘बॉडीस्ट्रक्चर’ (मेलमध्ये कोणते भाग आहेत याचा आराखडा), त्यावरून पीडीएफ आहे असं दिसलं तरच पूर्ण मेल. मेलमधल्या अटॅचमेंट बेस६४ या साध्या अक्षरांच्या मांडणीत असल्याने तीन बाइट्सचे चार होतात. ६ एमबीचं ड्रॉइंग तारेवर ८.२ एमबी भरतं, हे हिशेबात धरावं लागतं.

‘ऑल मेल’ हा फोल्डर नावाने शोधू नये. जीमेलची भाषा बदलली की फोल्डरचं नावही बदलतं, आणि इथे खात्याची भाषा कधी मराठी, कधी कन्नड, कधी इंग्रजी होत असते. आयमॅपक्लायंटचं ‘फाइंड स्पेशल फोल्डर’ तो त्याच्यावरच्या खुणेने शोधून देतं.

सध्याची स्थिती

रोज सकाळी साडेआठला एक पान छापलं जातं: काल किती उतरले, ‘अडला’मध्ये कोणते आणि का, शेवटची यशस्वी फेरी किती वाजता. अर्धा तास एकही फेरी यशस्वी झाली नाही तर डिस्पॅचच्या पडद्यावर लाल पट्टी येते. ‘अडला’ची यादी बहुतेक दिवशी दोन-तीन ओळींची असते; रिकामी असली तरी पान छापायचंच असं ठरलंय, कारण पान आलं नाही हीही बातमीच.

चाकणच्या एका ग्राहकाचे एंजिनिअर अजून ड्रॉइंगवरची दुरुस्ती पेनाने खुणावून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतात. तो मेलबॉक्सपर्यंत येत नाही, म्हणून खातेवहीतही येत नाही. त्यासाठी मामांचं लाल कापडी बांधणीचं रजिस्टर चालू आहे, आणि आता त्यात ‘मेल नाही’ असा एक नवा रकाना आखलेला आहे.